उजेड वगळणारी फाइल

श्रीगजाननास वंदन करून, कार्तिक दीपम या तमिळ दीपोत्सवाच्या मंगल संध्येस हा प्रसंग लिहीत आहे.

“अहो, ज्योत आहे. मग उजेड का दिसेना?” तांबरमच्या अक्कांनी स्क्रीनवर बोट ठेवले.

अक्का तंजावरी मराठी. त्यांचे पती रेल्वेत होते. ते गेले, मागोमाग त्यांचे क्वार्टरही पाडले गेले. जुन्या फोटोंवरून त्या ओसरीचे चित्र अक्कांनी आमच्या गिंडीतील स्टुडिओत करवून घेतले होते. ओसरीवर रोज दिवा लावीत ते पतीच. त्या संध्याकाळच्या गाडीने अक्का कायमच्या मुलाकडे निघणार होत्या. चित्र सोबत हवे होते.

मी मूळचा छपाईतला. निवृत्तीनंतर येथे फाइली तपासतो.

“काका, रेंडरमध्ये उजेड होता,” हे चित्र करणारी कोल्हापूरची कविता म्हणाली. “पीएनजी केली आणि गेला. पुन्हा रेंडर लावला तर अक्कांची गाडी सुटेल.”

स्टुडिओचे साहेब म्हणाले, “वरून पिवळा रंग मारा. कोणाला कळतंय?”

“अक्कांना,” कविता म्हणाली.

रेंडर म्हणजे संगणकाने बराच वेळ गणित करून काढलेले चित्र. त्याच्या ईएक्सआर फाइलमध्ये लाल, हिरवा, निळा असे चॅनल, म्हणजे माहितीचे थर, असतात. अल्फा नावाचा थर सांगतो की वस्तू मागचे किती झाकते. समई पूर्ण झाकते. उजेड काहीच झाकत नाही. तेथे अल्फा शून्य, रंग मात्र असतो. त्याची पीएनजी, म्हणजे साधी चित्रफाइल, करताना रंगाला अल्फाने भागतात. शून्याने भागता येईना, तेव्हा प्रोग्रॅमने तो रंगच टाकून दिला.

“मूळ ईएक्सआर आहे?” मी विचारले.

“आहे. आज पुसणारच होते.”

दिव्याचे रेंडर आम्ही मूळ ईएक्सआर रूपातच ओसरीच्या चित्रावर ठेवले. उजेड मागच्या रंगांत मिळवला. मगच त्या जोडचित्राची छपाईसाठी टिफ फाइल केली.

उजेड पायरीवर पडला, रिकाम्या खुर्चीवर पडला.

“अक्का, खुर्चीत त्यांना बसवू का? फोटो आहे ना,” कविताने हळूच विचारले.

“नको गे. दिवा लावून ते आत जायचे.” त्या दाराकडे पाहत राहिल्या. “आत्ताच आत गेले असतील.”

मग पदर सावरून म्हणाल्या, “सेरि, ठीक आहे. प्रिंट काढा. गाडी आहे.”

व्यवसायाचा धडा एवढाच : फॉरमॅट बदलण्यापूर्वी, अल्फा शून्य आहे तेथे रंग आहे का ते पाहावे, आणि मूळ फाइल पुसण्याची घाई करू नये.

वाचकहो, आपणांस व आपल्या कुटुंबीयांस जगदीश्वर आरोग्य व सुमती देवो. आपल्या घरी सायंकाळी दिवा लावणारे हात दीर्घायुषी होवोत.