मल्हारीची जाड केबल

केबल फोनला जोडली की पडद्यावर विजेची खूण उमटते. वीज पुरेशी येत आहे की थेंबथेंब झिरपत आहे, ते ती खूण सांगत नाही. या अर्ध्या सत्यावर एक संपूर्ण बाजार उभा आहे, आणि त्या बाजाराने मल्हारीच्या मुलीचे एक वर्ष गिळले. ते वर्ष परत मिळणार नाही. निदान ते कोणी गिळले, याची नोंद तरी राहावी, म्हणून लिहितो.

मल्हारी पोखर्णीजवळच्या गावचा मेंढपाळ. सोयाबीन निघाले की तो आणि नर्मदाबाई दीडशे मेंढ्या व काही शेळ्या घेऊन येलदरी धरणाकडे सरकतात. ज्याच्या रानात कळप बसतो त्याला खत मिळते, यांना धान्य. रात्री कळपाभोवती दोरीच्या जाळ्याचे कुंपण लावतात. त्याला वाघूर म्हणतात. वाघुरीची दोरी मल्हारी स्वतः वळतो. लांडगा आणि कळप यांच्यामध्ये तेवढीच एक वस्तू असते. त्यामुळे दोरी जाड हवी, पिळाला घट्ट हवी, ओढून तुटता कामा नये, ही त्याची आयुष्यभराची परीक्षा.

त्याची धाकटी मुलगी साधना मावशीकडे राहून शिकली. मी जिथे पदार्थविज्ञान शिकवतो त्याच कनिष्ठ महाविद्यालयात ती बारावी झाली, आणि गुणांच्या बळावर नर्सिंगच्या पहिल्या फेरीत सरकारी जागेवर तिचे नाव लागले. जागा स्वीकारण्याचा शेवटचा दिवस गुरुवार, सायंकाळी पाचपर्यंत. अर्जावर फोन क्रमांक बापाचा होता, कारण अर्ज भरताना घरात तेवढा एकच फोन होता. क्रमांक बदलायचा तर त्यासाठीचा ओटीपीसुद्धा जुन्याच क्रमांकावर येणार! ही व्यवस्था ज्याने रचली त्याने कधी रानात मुक्काम केलेला नसावा.

त्या गुरुवारच्या महिनाभर आधी एका करडाने फोनसोबत आलेली केबल चावून टाकली होती. मल्हारी रस्त्यावरच्या नागनाथच्या मोबाइलच्या दुकानात गेला.

"मजबूत वायर दे बाबा. शेळ्यांत ऱ्हातो आमी."

नागनाथने कापडी वेष्टणाची, करंगळीएवढी जाड लाल केबल काढली. "ही घ्या मामा. हत्ती बांधा हिला. फास्ट चार्जिंग हाय."

मल्हारीने ती दोन्ही मुठींत धरून ओढली, पीळ देऊन पाहिली. वाघुरीच्या परीक्षेत केबल उत्तीर्ण झाली. तो समाधानाने निघाला.

तेव्हा कळप ज्यांच्या रानात बसला होता, त्या दिनकररावांच्या पाण्याच्या मोटारीच्या खोलीत सकाळी दोन तास वीज असे. जुन्या केबलवर तेवढ्यात फोन जवळजवळ भरायचा. नव्या केबलवर पंधरा-सोळा टक्क्यांच्या वर सरकेना. मल्हारी पुन्हा दुकानात गेला. नागनाथने केबलकडे पाहिलेही नाही. "बॅटरी बसली मामा," असे म्हणून त्याने नवी बॅटरी घालून दिली. आजार एका अवयवाचा आणि शस्त्रक्रिया दुसऱ्याची! फरक पडला नाही, तेव्हा मल्हारीने ठरवले की फोनच म्हातारा झाला. केबलवर त्याला क्षणभरही संशय आला नाही. एवढी जाड दोरी दगा देईल कशी?

गुरुवारी अकरा वाजता साधना आणि मी महाविद्यालयाच्या संगणकासमोर बसलो. बापाशी आदल्या दिवशीच ठरले होते: अकराला फोन हातात धरायचा, सहा आकडे वाचून दाखवायचे. मल्हारी अक्षरे वाचत नाही; आकडे वाचतो. साधनाने कळ दाबली. ओटीपी गेला. तिने माझ्या फोनवरून बापाला फोन लावला, तर बंद. पुन्हा लावला, बंद. धरणाकाठच्या त्या रानात सिग्नल शोधता शोधता ते पंधरा टक्के पावणेअकरालाच संपले होते.

"सर, आबा लावतील ना चार्जिंगला?"

"लावतील," मी म्हणालो. अजून सहा तास होते.

मल्हारीने खरोखरच काही बाकी ठेवले नाही. कळप नर्मदाबाईवर सोडून, दिनकररावांच्या मोटारसायकलवर मागे बसून तो येलदरीला मुंजाजीच्या चहाच्या हॉटेलात पोहोचला. तिथे वीज होती. त्याने लाल केबल लावली. फोन उजळला, सुरू होऊ लागला आणि विझला. पुन्हा उजळला, पुन्हा विझला. सुरू होण्यासाठी फोनला लागत होती त्याहून कमी वीज ती केबल देत होती, आणि जी थेंबभर साठे, तीही मल्हारी घाईने पुन्हा पुन्हा कळ दाबे त्यात संपे. साडेबाराला हे सुरू झाले. दोन वाजले तरी तेच.

मुंजाजीने स्वतःच्या फोनची केबल काढून पुढे केली. बारीक, काळी, जुनी.

"ही लावून बघा मामा."

मल्हारी हसला. "ह्या सुतळीनं काय व्हायलंय? माझी बघ की केवढी हाय."

"आवो, लावून तर बघा!"

"ऱ्हाऊ दे. तुटली तं तुझं नुकसान."

दुसऱ्याची नाजूक वस्तू तुटू नये, हा त्या माणसाचा सभ्यपणा. त्या सभ्यपणानेच घात केला. साडेचारला मुंजाजीने न विचारता केबल बदलली. फोन सुरू झाला. पण साधनाने घटकाघटकाने मागवलेले ओटीपी आता एकामागून एक कोसळू लागले, त्यातला शेवटचा कोणता हे मल्हारीला कळेना. त्याने वाचलेला पहिला क्रमांक चुकीचा ठरला. दुसराही. तिसरा ती टाइप करत असताना पाच वाजून दोन मिनिटे झाली होती, आणि पडद्यावर मुदत संपल्याची ओळ आली.

साधना रडली नाही. तिने फोनवर एवढेच म्हटले, "आबा, जेवलात का?"

दुसऱ्या फेरीत तिचे नाव लागले नाही.

आठवड्याने मल्हारी ती केबल घेऊन माझ्याकडे आला. "सर, ही चांगली का वाईट तेवढं सांगा." मी प्रयोगशाळेतला मीटर काढणार होतो, तेवढ्यात त्याने पिशवीतून लोकर कातरायची कात्री काढली आणि केबल मधोमध कापली. कापड सोलले. आत जाड रबर. रबराच्या पोटात केसासारख्या चार-पाच तारा. मग माझ्याकडे पडलेली एक जुनी, बारीक केबल त्याने मागून घेतली आणि तशीच कापली: पातळ आवरण आणि आत तांब्याचा भरगच्च पुंजका. ज्याची बोटे अंधारातसुद्धा लोकरीची प्रत ओळखतात, त्या माणसाने दोन्ही पुंजके चिमटीत घेऊन चोळले.

"वरून भरलेली मेंढी दिसायलीय," तो म्हणाला, "अन् आत नुसती कातडी."

एकवीस वर्षे मी फळ्यावर रोधाचे सूत्र लिहीत आलो: तार बारीक, रोध जास्त, वीज कमी. एकदाही केबल कापून वर्गात दाखवली नाही. ही माझी लाज आहे आणि ती मी नाकारत नाही. परंतु नागनाथची लाज कुठे आहे?

आम्ही दोघे दुकानात गेलो. कापलेली केबल मी त्याच्या काचेवर ठेवली.

"बिल हाय का सर?"

"तू दिलेस का कधी कोणाला?"

"मंग मी तरी काय करू? वरून जसा माल येतो तसा इकतो आमी."

त्याच क्षणी मला दिसले: काउंटरमागे त्याचा स्वतःचा फोन एका बारीक, काळ्या केबलवर लावलेला होता. म्हणजे याला ठाऊक होते. मी ग्राहक तक्रार कक्षाकडे तक्रार लिहिली. उत्तर आले की पावतीअभावी तक्रार विचारात घेता येत नाही. मी पुन्हा लिहिली. पुन्हा तेच उत्तर, फक्त तारीख वेगळी. लाल केबलच्या वेष्टणावर बनवणाऱ्याचे नाव नव्हते, पत्ता नव्हता. 'फास्ट' हा एकच शब्द मोठ्या अक्षरांत होता. या देशात धान्याच्या पोत्यावर वजन लिहावे लागते. तारेच्या पोटात तांबे किती, हे मात्र कोणी लिहीत नाही आणि कोणी विचारत नाही.

मल्हारी विचारतो. साधना यंदा पुन्हा अर्ज भरणार आहे. या वेळी क्रमांक तिचा स्वतःचा आहे, आणि तिच्या फोनसाठी केबल घ्यायला बाप तिला घेऊन परभणीला गेला. मी सोबत होतो. पहिल्या तीन दुकानांनी त्याला हाकलले. चौथ्या दुकानात त्याने एकाच गठ्ठ्यातल्या दोन केबली उचलून काचेवर ठेवल्या आणि दोन्हींचे पैसे आधी मोजले.

"दोन घेतो," तो म्हणाला. "एक काप."

दुकानदार हसला. "काका, येडे झालात का? चांगली वायर कामून कापता?"

"चांगली हाय का, तेच बघायलोय."

आणि दुकानदाराचा हात कात्रीकडे जाईना, तेव्हा मल्हारीने पिशवीतून स्वतःची काढली.