कोटाच्या कापडावरची रेल्वे

तेव्हा नगरला दौंड-मनमाडची एकच रेल्वे होती. आईच्या माहेरी, शेवगावला जायचं तर बैलगाडीत हाडं खिळखिळी व्हायची. मला त्याचा भारी संताप यायचा.

माझे वडील, आबा, शिंपी. एका दुपारी त्यांनी कोटाचं काळं कापड पसरलं आणि त्यावर खडूनं आपल्या मनातली रेल्वे काढली. नगरहून पाथर्डी, शेवगाव, मग गोदावरी ओलांडून थेट पैठण. लेकरांच्या कपड्यांत वाढत्या अंगासाठी जास्तीचं कापड दुमडून ठेवतात, तशी पैठणच्या पुढंही त्यांनी थोडी रेघ राखून ठेवली. काळ्यावरची ती पांढरी रेघ मी वाकून वाकून बघितली. एवढा मुलूख आमच्या दुकानात मावला होता!

आबांनी खुणा करायच्या आणि आईनं कापायचं, ही आमच्या घरची रीत. आई आली आणि सवयीनं तिनं पैठणकडून रेघेवर कात्री लावली.

"अगं थांब, तिथं गोदावरीचा पूल हाय!" आबा ओरडले.

आईनं कात्री खाली ठेवली. आबांनी एकेक गाव सांगितलं, तसं रेघेवरून बोट फिरवत ती शेवगावपाशी थांबली.

"अहो," ती हळूच म्हणाली, "टेशन माझ्या आईच्या घरापासून लांब न्हाई ना?"