कापूसबाईचा अंगठा

"सुई नाही म्हटलं ना. उघड आता डोळे," कापूसबाई म्हणाली.

इस्त्रीवालीनं आधी एकच डोळा उघडला. मांडीवरची नऊ महिन्यांची पोर पंख्याकडं बघत मूठ चोखत होती. दंडावर टपालाच्या तिकिटाएवढी पट्टी.

"मग ही रडली का नाही?"

"रडायलाच पाहिजे असा नियम आहे का गं?"

"तुमचा हात हलका, तरी हिचा थोरला भाऊ असा बोंबलला होता की मागच्या गल्लीतली माणसं बाहेर आली. लस लागली एवढं कळलं तरी. हे म्हणजे तिकीट चिकटवल्यासारखं झालं. आता काय टपालपेटीत टाकू हिला?"

बाकावरच्या बाया हसल्या. कापूसबाईही हसली. घड्याळ बघून तिनं पट्टी सोलली, डब्यात टाकली आणि पुढच्या पोराचा दंड हातात घेतला.

तेवीस वर्षं ती या दवाखान्यात सुया टोचत होती. कापूसबाई हे नाव बायांनीच पाडलेलं. शिकाऊ असताना मोठ्या सिस्टरनं तिला आठवडाभर उशीवर सुया टोचायला लावल्या आणि शेवटी स्वतःचा दंड पुढं केला. टोचून झालं तरी सिस्टर म्हणत होती, "अगं, सुरू कर की." तेव्हापासून लांबलांबच्या बाया पोरं काखोटीला मारून तिच्याकडंच यायच्या. घरी नवरा सांगायचा, "हिनं पाय चेपले की माशी बसल्यासारखं वाटतं. झोप येत नाही, हाकलावंसं वाटतं."

सुयांऐवजी या पट्ट्या मात्र त्या सकाळीच सुरू झालेल्या. खालच्या अंगाला गोवराच्या लसीचीच शेकडो टोकं, डोळ्यांना न दिसणारी. कातडीत शिरायची आणि तिथंच विरघळायची. बर्फाची पेटी उचलायला नको, वापरलेल्या सुया सांभाळायला नकोत. कापूसबाईची कंबर धरलेली असायची, त्यामुळं पेटी गेली याचं तिला काही वाईट वाटलं नाही. शिकवायला आलेल्या डॉक्टरनं सांगितलं होतं, मधलं बटण 'टक' वाजेपर्यंत अंगठ्यानं दाबा, आणि काढल्यावर पट्टी खालून गुळगुळीत आहे का बघा. ती हो म्हणाली, सही केली आणि उठली. तेवीस वर्षं काढलेल्या बाईला यात काय शिकायचं होतं?

दुपारी बाया गेल्यावर ती डबा रिकामा करायला बसली. हातमोजा होताच, सहज एका पट्टीवरून बोट फिरवलं. खरखर लागली, मांजराच्या जिभेसारखी. दुसरी घेतली. तीही तशीच. नऊपैकी सात पट्ट्यांची टोकं जागच्या जागी होती. टक वाजलंच नव्हतं, आणि पंख्याच्या घरघरीत तिनं ते मनावर घेतलं नव्हतं. दोन गुळगुळीत होत्या, पण त्या कुणाच्या ते कळायला मार्ग नव्हता.

नोंदवहीत नऊही पोरांपुढं तिच्याच अक्षरात 'दिली' लिहिलेलं. तसंच ठेवलं असतं तर कुणाला पत्ता लागला नसता. पण नदीपलीकडच्या वस्तीत गोवर आला होता, दोन पोरं इस्पितळात होती, आणि या नऊजणांची घरं नदीला लागूनच होती. तिनं डॉक्टरला फोन केला. "नऊही जणांना परत लावा," डॉक्टर म्हणाले. "ज्यांना लागली असेल, त्यांना दुसरीनं काही होत नाही."

फूटपट्टी ठेवून तिनं वहीतल्या नऊ ओळी खोडल्या आणि आधी इस्त्रीवालीचं दुकान गाठलं. जिची जीभ सगळ्यांत लांब, तिच्यापासून सुरुवात केलेली बरी.

"बाई, तुम्ही? कपडे आणलेत का?"

"सकाळची लस लागली नाही. माझी चूक. मी नीट दाबलंच नाही."

इस्त्रीवालीनं इस्त्री उभी केली. "मी सकाळीच म्हटलं होतं."

"म्हटलं होतंस."

"तेव्हा तुम्ही हसलात."

"हसले."

मग भांडायला काही उरलं नाही. इस्त्रीवालीनं पोर उचलून चादरींच्या गठ्ठ्यावर बसवली. कापूसबाईनं दुसऱ्या दंडावर नवी पट्टी लावली, अंगठा ठेवला, दाबला. आवाज नाही. परत दाबला. इतकी वर्षं जिथं थांबत आला, तिथंच अंगठा थांबला. 

"एवढ्यानं कॉलरची सुरकुती तरी जाईल का?" इस्त्रीवाली म्हणाली. "खांदा घाला त्यात. नुसत्या बोटानं काय होतंय?" आणि भाजून भाजून राठ झालेला आपला अंगठा तिनं बाईच्या अंगठ्यावर ठेवला आणि भार दिला.

टक.

पोरीनं आधी आईकडं बघितलं, मग बाईकडं, आणि भोकाड पसरलं.

"आता लागली," इस्त्रीवाली म्हणाली.

"रडण्यावर जाऊ नकोस. दाबल्याचा राग आलाय तिला." कापूसबाईनं वेळ भरू दिली, पट्टी सोलली, बोट फिरवलं. गुळगुळीत होती. मग नोंदवहीत एक ओळ नव्यानं लिहिली.

"बाकीच्या आठजणींना काय सांगणार?"

"हेच."

"पुढच्या घरातली सासू तुम्हाला उंबऱ्याच्या आत घेणार नाही."

घेतलं, पण बरंच ऐकवून. कापूसबाईनं ते उभ्यानंच ऐकलं. सुनेनं पोराची बाही वर केली, तसा कापूसबाईनं पदर खोचला आणि खांदा पुढं घातला.

"घट्ट धर," ती म्हणाली. "आणि तो पंखा बंद कर जरा."