ताट पुढे गेलं

प्रभुभोजनाचं, येशूच्या आठवणीत वाटतात त्या भाकरीचं ताट माझ्यापुढून सरळ पुढे गेलं. मी हात पुढे केला होता, तो तसाच राहिला. आमच्या मंडळीच्या मुख्य पंचांनी ते शेजारच्या बाईपुढे धरलं. भरल्या चर्चमध्ये. मागच्या बाकावर आई खोकत होती. तिलाही वगळलं.

गुन्हा काय माझा? आणीबाणी उठून दोनेक वर्षं झाली होती. नाशिकात मी दर रविवारी मंडळीच्या पोरांना बायबल शिकवायची. गुलामांनी धन्याचं ऐकावं, असा भाग निघाला. एका पोरीने विचारलं, "बाई, हे देव बोलला?" मला बाप आठवला. निफाडकडे पाटलाच्या गोठ्यात राबून कंबर मोडलेला, मग ख्रिस्ती झालेला. मी म्हणाले, "नाही. हे माणसाने लिहिलं."

आठ दिवसांत पंचांनी कागद पुढे केला. शास्त्रातला शब्द न् शब्द देवाच्या प्रेरणेचा, असं मी मानते. खाली सही.

"मी येशूला मानते," मी म्हणाले.

"शास्त्र नाकारलंस, तर येशू तुला कळला कुठून?"

मी सही न करता कागद घडी करून पिशवीत ठेवला.

मग ते हळू आवाजात म्हणाले, "आमच्या आजोबांनी तुम्हाला शास्त्र दिलं, तेव्हा तुमची माणसं मेलेली ढोरं ओढत होती. आईची तब्येत बरी नाही ना? मंडळीच्या यादीतून घराचं नाव कापलं तर दफनभूमीत जागा मिळत नाही."

पुढच्याच रविवारी ते ताट पुढे गेलं. घरी आल्यावर आई एवढंच म्हणाली, "मला तुझ्या बापाशेजारीच ठेव. दुसरीकडं नाय."

रात्रंदिवस आईचा खोकला ऐकू यायचा. दफनभूमीच्या फाटकाची चावी पंचांच्या कमरेला. सही करून टाकावी, असं मनात येऊन गेलं. येऊन गेलं, हे लपवत नाही.

पण आईला अक्षर येत नाही. शास्त्राचं एक पान तिने वाचलेलं नाही. मिशनची नर्सबाई आमच्या माठातलं पाणी प्यायली, त्या दिवशी आईला येशू कळला. पंचांना द्यायचं उत्तर घरातच खाटेवर पडलं होतं, आणि मी कागद बघत बसले होते.

कागद फाडला. तुकडे पंचांच्या टेबलावर नेऊन ठेवले. मी म्हणाले, "दर रविवारी पहिल्या बाकावर बसेन. हात पुढे करेन. ताट खुशाल पुढे न्या. आणि आईची माती बापाशेजारीच होईल. फाटक उघडलं नाहीत, तर शवपेटी फाटकासमोर ठेवून बसेन. उठणार नाही."