जागृत मोटार

"उद्या भंगारात जायची ती. मग आज एवढी घासून काय मिळवायचंय?" काकू बादली खाली ठेवता ठेवता पुटपुटल्या. मला ते ऐकू जावं अशी त्यांची इच्छा नसावी. पण मी न बोलणारी मुलगी होते, आणि न बोलणाऱ्या माणसाला ऐकूही येत नाही असा आमच्या चाळीचा समज होता.

काकांनी मोटारीच्या दिव्यावरचं फडकं थांबवलं. उजव्या हाताचं पहिलं बोट वर गेलं. "मुद्दा पहिला. ठराव उद्यापासून लागू आहे. आज ती अंगणात सन्मानाने उभी आहे."

असा माणूस तुम्हीही पाहिला असेल. त्या काळात गिरगावातल्या प्रत्येक चाळीत एक तरी असायचाच. काकांचं कुठलंही बोलणं त्या बोटापासून आणि पहिल्या मुद्द्यापासून सुरू होई. दुसरा मुद्दा मी कधी ऐकला नाही. तोपर्यंत समोरचा माणूस कबूल झालेला असे, किंवा त्याला काम आठवलेलं असे.

आमच्या शेजारचे हे काका एका विलायती कंपनीत हेडक्लार्क होते. स्वराज्य आलं, साहेब मायदेशी निघाला, आणि त्याची जुनी मोटार कोणी घेईना म्हणून जाताना त्याने ती काकांच्या गळ्यात घातली. काका मात्र तिला 'इंग्रजांनी परत केलेली मालमत्ता' म्हणत. हाती आल्या आल्या त्यांनी तिची शुद्धी केली. स्टिअरिंगचं सुकाणू झालं, हॉर्नचं शिंग झालं. गाडीत जो इंग्रजी शब्द बोलेल त्याने तिथल्या तिथे उतरायचं, असा नियम होता. ब्रेकला त्यांनी 'रोध' असं भारदस्त नाव दिलं होतं, पण नाव बदलल्याने तो लागायला लागला नाही.

मी कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली. काका मला नावाने हाक मारत नसत. "काय कॉन्व्हेंट, रेडिएटरला मराठीत काय म्हणशील?" असं जिन्यात गाठून विचारत. मी काहीतरी सांगे, ते चुकीचं निघे, आणि संध्याकाळपर्यंत तिन्ही मजल्यांना कळे. मग मी मानेने बोलायला शिकले. खाली म्हणजे होय, आडवी म्हणजे नाही, तिरकी म्हणजे मला जाऊ द्या.

संयुक्त महाराष्ट्राची चळवळ सुरू झाली आणि मोटारीला बरे दिवस आले. टपावर कर्णा बसला, पुढे झेंडा लागला. सभेची वर्दी देत ती ठाकूरद्वारपर्यंत जाई आणि तिथे बंद पडे. इतरांचे मोर्चे गाडीमागून चालत, आमचा मोर्चा गाडी ढकलत चाले. "ही गाडी जनतेच्या पाठिंब्यावर चालते," असं काका सांगत, आणि ते अक्षरशः खरं होतं.

तिचा घात केला तो ठरावाने. काका चाळीच्या कमिटीचे अध्यक्ष होते. अंगणात घरमालकाची एक गंजकी लोखंडी टाकी पडून होती, आणि मालकाला धडा शिकवायचा काकांनी चंग बांधला होता. ठरावाचा मसुदा त्यांनी स्वतः केला. अंगणातली प्रत्येक जुनी, गंजलेली वस्तू दसऱ्यानंतर तिथे दिसता कामा नये, मग ती कोणाचीही असो. शेवटचे चार शब्द त्यांनी मुद्दाम घातले आणि टाळ्यांसाठी पुन्हा एकदा वाचले. ठराव एकमताने मंजूर झाला. टाळ्या ओसरल्यावर चिटणीस उठले. ते फार गरीब स्वभावाचे होते. त्यांनी हात जोडून विचारलं, "म्हणजे अध्यक्षमहाराज, मोटारसुद्धा ना?"

मुंबईबद्दल दिल्ली शब्द फिरवते म्हणून जो माणूस रोज गॅलरीतून गरजत होता, त्याला स्वतःचा शब्द फिरवता येईना. "मोटारसुद्धा," काका म्हणाले. मालकाने टाकी दुसऱ्या दिवशीच उचलली. काकांनी कुर्ल्याच्या भंगारवाल्याला दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशीची सकाळ दिली.

दसऱ्याला आईने मला झेंडूचा हार घेऊन खाली पाठवलं. काकांनी मोटारीला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला, हार चढवला, आणि दार उघडून मला म्हणाले, "बस." नाही म्हणायचं तर बोलावं लागलं असतं. मी बसले.

पुढे बसलेल्या काकूंना वाटलं, चौपाटीपर्यंत एक फेरी. पण त्या दिवशी मोटार ठाकूरद्वारला बंद पडलीच नाही. लालबागला गिरण्यांच्या फाटकांवर तोरणं होती. हार घातलेली मोटार बघून नाक्यावरच्या माणसांना ती समितीची वाटली. "झालाच पाहिजे!" अशी आरोळी उठली आणि काकांनी शिंग फुंकून पोच दिली. दादर आलं तेव्हा काकू म्हणाल्या, "अहो, फिरवा आता. चक्का टांगलाय घरी, श्रीखंड व्हायचंय."

"आज सीमोल्लंघन आहे," काका म्हणाले. "दादर ही काय सीमा झाली?"

शीवही झाली नाही. ठाणं मागे पडल्यावर त्यांनी सांगितलं की पनवेलच्या पुढे एका माजी संस्थानिकांनी आपल्या पीलखान्यात जुन्या मोटारींचं संग्रहालय मांडलंय. हत्ती गेले, राज्य गेलं, मोटारी उरल्या. दसऱ्याला ते सर्वांना खुलं असतं.

मुंब्र्याच्या डोंगराखाली काकू हळूच म्हणाल्या, "ठेवून घेतील का हो आपली?"

"मी विचारणार आहे," काका म्हणाले. आणि त्यांनी सुकाणूवरचा एक हात काढून रस्त्यापुढे भाषणाची तालीम सुरू केली. या मोटारीने महाराष्ट्राची काय सेवा केली, संस्थानिकांचं जनतेप्रती काय कर्तव्य आहे, सगळं आलं. रस्त्यावरचे बैल बाजूला होत होते. मला मात्र मागच्या सीटवरून त्यांची मान दिसत होती. तिच्यावर घाम होता आणि तो उन्हाचा वाटत नव्हता.

पीलखान्याच्या फाटकाशी मोटार उकळायला लागली. पहारेकऱ्याने आतला हौद दाखवला. ती धापा टाकत आत शिरली, मोटारींच्या रांगेत शेवटची एक जागा मोकळी होती तिथवर गेली आणि कायमची थांबली. काका बादली घेऊन हौदाकडे धावले.

आता तुम्हीच ती रांग डोळ्यांपुढे आणा. श्रीमंतांची शिकारीची मोटार, राणीसाहेबांची पडद्याची मोटार, युवराजांची मुंजीची मोटार. प्रत्येकीपुढे पाटी, प्रत्येकीला दसऱ्याचा हार, कुंकू, तांदूळ. त्यातली एकही वर्षानुवर्षं हललेली नव्हती. माणसं चपला बाहेर काढून ओळीने दर्शन घेत होती. आणि ओळीच्या शेवटी तसाच हार घातलेली, तसंच कुंकू लावलेली आमची मोटार, नाकातोंडातून वाफा सोडत, आतून गुरगुरत.

"ही जागृत आहे गं," एक बाई दुसरीला म्हणाली.

झालं. पुढच्या मोटारी ओस पडल्या. आमच्या मोटारीपुढे केळी आली, उदबत्ती आली. एका म्हाताऱ्याने पोरांना सांगितलं की याच गाडीतून थोरल्या महाराजांनी वाघ मारला. तो वाघ त्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला होता.

काका भरलेली बादली घेऊन मागे उभे होते. मी वाट बघत होते. माझ्या शब्दाचं लिंग चुकलं तर तीन मजले हलवणारा हा माणूस आता बोट वर करणार, वाघ खोटा पाडणार, आणि ठाकूरद्वारचा मोर्चा त्या म्हाताऱ्याला ऐकवणार. बोट वर गेलं नाही. काकांनी बादली खाली ठेवली. "हो का?" ते म्हाताऱ्याला म्हणाले. "केवढा होता?"

त्या एवढ्या प्रश्नात मला ते पहिल्यांदा दिसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी कुर्ल्याचा भंगारवाला आला तेव्हा अंगणात तेलाचा एक काळा डाग तेवढा होता. चिटणीसांनी चाचरत विचारलं, "मोटार?" काका म्हणाले, "ठरावाची अंमलबजावणी झाली." पुढे महाराष्ट्र झाला त्या रात्री चाळीने अंगणात दिवे लावले, पेढे वाटले. जागा आता भरपूर होती. काकांनी आपली खुर्ची बरोबर त्या डागावर मांडायला लावली होती. एवढ्या गर्दीत ती तिथे का, हे बाकी कोणाला कळलं नाही. काकूंना आणि मला कळलं.

मोटार तिथे कशी राहिली याच्या त्यांच्या तोंडून मी अनेक हकीकती ऐकल्या. एकीत श्रीमंतांनी गाडीवरून हात फिरवला आणि डोळे पुसले. दुसरीत काकांनी अटी घातल्या आणि दरबाराने त्या मान्य केल्या. मी एकाही हकीकतीत नव्हते. मला 'कॉन्व्हेंट' म्हणणं मात्र त्यांनी त्या दसऱ्यापासून सोडलं. जिन्यात भेटले की नावाने हाक मारत आणि वाट देत.

आता काका नाहीत. त्यांच्या खोलीत दुसरं बिऱ्हाड आलंय आणि गॅलरीतून कोणी गरजत नाही. मी मागे एकदा तिकडे जाऊन आले. मोटार आहे. पुढे पाटीसुद्धा लागलीय, 'थोरल्या महाराजांची वाघाची मोटार'. खाली कोणीतरी ताजं फूल ठेवलं होतं.

खरं घडलं ते एवढंच. दिवस कलला, माणसं पांगली, आणि संस्थानचे कारभारी किल्ल्यांचा जुडगा घेऊन दारं लावायला आले. एकेका मोटारीवरून नजर टाकत ते शेवटच्या मोटारीशी थबकले. कुंकू बघितलं, केळी बघितली, जळून गेलेल्या उदबत्त्या बघितल्या. मग आम्हा तिघांकडे बघितलं. आपल्या मोटारी त्यांना ठाऊक नसतील असं मला आजही वाटत नाही.

"ही कुणाची?" त्यांनी विचारलं.

काकांचं बोट वर गेलं. "मुद्दा पहिला," ते म्हणाले. आणि थांबले. मुंब्र्यापासून पाठ केलेलं सगळं भाषण त्या बोटाच्या टोकाशी येऊन अडलं. गिरगाव हादरवणाऱ्या माणसाला स्वतःसाठी काही मागायची सवय नव्हती. काकूंनी मान खाली घातली.

कारभारी उत्तराची वाट बघत होते. माझ्या तोंडात आधी इंग्रजी वाक्य आलं, नीट बांधलेलं, शाळेने शिकवलेलं. ते मी गिळलं.

"इथलीच आहे," मी म्हणाले. "आम्ही नुसतं बघायला आलो होतो."