अडलंय कुठं?

कोपरखैरण्याच्या आमच्या कॉलेजात गणिताचे सर बोनकोड्याचे होते. बोलणं आगरी, आवाज मैदानावरचा. फळा ते तळहातानं पुसायचे आणि तोच हात केसांतून फिरवायचे, त्यामुळं दुसऱ्या तासापर्यंत पार म्हातारे दिसायचे.

कॅल्क्युलस सुरू झालं त्याच आठवड्यात मी त्यांना गाठलं. "सर, मी गणित सोडतेय. मला काहीच येत नाही."

"काहीच येत नाय असं कदी नसतं," ते म्हणाले. "अडलंय कुठं, ते बोट ठेवून दाखव."

मी लिमिटचं उदाहरण त्यांच्यासमोर सोडवायला घेतलं आणि मध्येच थांबले. सर टेबलावर हात आपटून ओरडलेच, "अगं, लिमिट येतंय की तुला! अडलंय ते अवयव पाडताना. ते शाळेतलं हाय!"

दुसऱ्या दिवशी त्यांनी पुढचा धडा बाजूला ठेवून सगळ्या वर्गाला अवयव पाडायला शिकवलं. मागच्या बाकांवरून सुटकेचे सुस्कारे ऐकू आले. "कोन कुठं अडला ते इथंच सांगायचं," सर म्हणाले, "परीक्षेत नाय." मग त्यांनी मला फळ्यापाशी बोलावलं. मी कालचंच उदाहरण पुन्हा मांडलं; या वेळी वरचा आणि खालचा अवयव सारखा निघाला, मी काट मारली आणि उत्तर समोर आलं.

सर धावत जाऊन शेजारच्या वर्गातून जीवशास्त्राच्या मॅडमना घेऊन आले. "बघा, बघा, हिनं काय केलं!" मॅडमना त्यातलं ओ की ठो कळलं नाही, पण सरांचा चेहरा बघून त्यांनीही टाळ्या वाजवल्या. गणित सोडायचं होतं, हे मी त्या टाळ्यांमध्ये विसरूनच गेले.