साखरेचा अर्धा खडा

तेहरानच्या एका जुन्या प्रकाशनात महलका खानम, म्हणजे महलकाबाई, सत्तावीस वर्षं एकच काम करत आली. कादंबरी परवान्यासाठी सरकारी कार्यालयात जाण्याआधी तिच्या टेबलावर यायची आणि ती पेन्सिल घेऊन त्यातलं प्रेम झाकायची. मिठी चालत नाही, चुंबन चालत नाही, मोकळे केस चालत नाहीत. तरी वाचणाऱ्याला कळलं तर पाहिजेच. दुसऱ्या प्रकाशनांतले लोक अशा जागी तीन टिंबं देऊन मोकळे होत. महलकाला त्या टिंबांचा भारी राग. "दाराला कुलूप घालायचं आणि बाहेर पाटी लावायची, आत गंमत चाललीय म्हणून!" असं ती म्हणायची.

तिची युक्ती वेगळी होती. तिच्या पेन्सिलीखालचा नायक नायिकेजवळ बसून चहाबरोबरचा साखरेचा खडा बोटांनी मोडायचा, अर्धा तिच्या बशीत ठेवायचा. बस्स, एवढंच. पुढचा परिच्छेद सकाळचा. पुस्तकाला परवाना मिळायचा आणि वाचणाऱ्या बायका त्या पानाला खूण घालून ठेवायच्या.

ही युक्ती तिला कुठे शोधावी लागली नव्हती. तिचा नवरा फरामर्ज लग्नाच्या दुसऱ्या दिवसापासून हेच करत होता.

घोळ असा झाला की चांगली चीज हाताला लागली म्हणून बाईंनी ती अकरा पुस्तकांत वापरली, अकरा वेगवेगळ्या लेखकांच्या. बारावीतही तीच घातली. ही कादंबरी गुलचेहरा नावाच्या शाळामास्तरणीची, तिची पहिलीच. ती तीन वर्षं परवान्याची वाट बघत होती. या खेपेला कार्यालयातून दुरुस्त्यांची यादी आली. त्यात एकच ओळ होती: पान ८७, साखर काढावी. खाली महलकाला जातीने बोलावलं होतं.

प्रकाशक आगा, म्हणजे साहेब, सेपेहरी कागद वाचून पांढरे पडले. "खानम, एका पुस्तकातल्या साखरेचा अर्थ कबूल केलात तर बाराही जातील. छापलेलीसुद्धा उचलून नेतील. आणि तुम्हाला पुन्हा पेन्सिल धरू देणार नाहीत."

"पेन्सिलीचं काय घेऊन बसलात आगा, मला घरी परत येऊ देतील ना?" ती म्हणाली. हसायला गेली, पण हसू आलं नाही.

कार्यालयातला तपासनीस तिशीचा, अतिशय नम्र. त्या नम्रपणाचीच तिला धास्ती वाटली. ओरडणाऱ्या माणसाची तिला सवय होती. टेबलावर अकरा पुस्तकं रचलेली, प्रत्येकात एक चिठ्ठी.

"या अकराही लेखकांच्या घरी साखर अशीच मोडून खातात का हो, खानम?"

"खडे मोठे येतात हल्ली, आगा."

तो हसला नाही. "आणि तुमच्या घरी?"

हा माणूस पुस्तकातून उठून आपल्या स्वयंपाकघरात शिरतोय असं तिला वाटलं. "आम्हा दोघांना मधुमेह आहे," ती म्हणाली. "साखर घरात नसतेच."

त्याने ते लिहून घेतलं. मग चहा मागवला. दोन पेले, मधे साखरेचं भांडं. ते त्याने विसरल्यासारखं तिच्याकडे सरकवलं आणि मग मधुमेह आठवल्यासारखं मागे घेतलं. चहाबरोबर साखर घ्यायची चाळीस वर्षांची सवय. तिचा हात भांड्याकडे निघालाच होता. तिने तो अंगभर पांघरलेल्या काळ्या चादरीखाली घट्ट मुठीत धरला, नखं रुतेपर्यंत. तो तिच्याकडे बघत होता. तिने तो कडू चहा शेवटच्या घोटापर्यंत संपवला.

"ते वाक्य काढा, परवाना मिळेल," तो म्हणाला. "आणि खानम, तब्येतीला जपा. आम्ही विचारत राहू."

वाक्य तिने तिथेच बसून खोडलं. गुलचेहराचं पुस्तक सुटलं, बाकीची अकराही बचावली. सेपेहरींनी मिठाई वाटली. महलका मात्र मिठाईला हात न लावता घरी गेली.

संध्याकाळी फरामर्जने चहा आणला. तिने उठून आधी खिडकीचा पडदा ओढला. त्याने खडा मोडला, अर्धा तिच्या बशीत ठेवला.

"नको," ती म्हणाली. "आजपासून साखर बंद."

"डॉक्टरकडे गेली होतीस?"

तिने पुन्हा उठून पडद्याची उरलेली फटही मिटवली. त्याने एकदा पडद्याकडे, एकदा तिच्याकडे पाहिलं. मग त्याने तिच्या बशीतला अर्धा खडा उचलून भांड्यात टाकला, त्याच्यामागून आपलाही टाकला, आणि तिच्याजवळ बसून तोंड वेडंवाकडं करत कडू चहा प्यायला.

त्यानंतर महलकाने आणखी नऊ कादंबऱ्यांतलं प्रेम झाकलं. हा कडू चहा तिने एकीतही घातला नाही.